पितळी नळाची काजळी

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. नुसता दांडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झाडूचा येईल, नाहीतर फावड्याचा. मी त्यातला नव्हे. मी वल्ह्याचा दांडा आहे. पूर्वी माझ्या टोकाला सुपाएवढं पातं होतं आणि माझ्या नुसत्या धाकानं तळ्याचं पाणी बाजूला सरायचं. आता पातं नाही आणि धाकही नाही. जीभ तेवढी शिल्लक आहे, आणि ती माझ्याहून लांब आहे असं लोक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मी सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं असतं, आणि उरलेलं खरं असायला काही हरकत नव्हती.

मला घडवणारा सुतार मितभाषी होता. रंधा मारून झाल्यावर त्यानं मला उचललं, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "हा पाण्याला घाबरणार नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक, पुढे कसलं कसलं पाणी माझ्या नशिबी येणार होतं!

मी एका सार्वजनिक बागेत आलो. बागेत झोपाळे होते, घसरगुंडी होती, हिरवळ होती आणि मधोमध मोठं तळं होतं. त्या तळ्यात एक लाकडी नाव होती आणि नावेवर एक नावाडी. त्यानं मला हातात धरलं आणि आमचं जमलं ते जमलंच. आम्ही इतकी हळुवार नाव चालवायचो की एकदा एक नवं जोडपं पैलतीरावर उतरल्यावर विचारू लागलं, "नाव कधी सुटणार?"

तळ्यात एक मासा होता. केवढा? तो कूस बदलायचा तेव्हा काठावरच्या बाकांवर बसलेली माणसं पाय वर घ्यायची. भर दुपारी आम्ही दोघं दमलो की तो मुकाट्यानं नाव पाठीवर घ्यायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचा. ही गोष्ट मी नावाड्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की आता मला ती स्वतः पाहिल्यासारखी आठवते.

नावाड्याची बायको फाटकाशी तिकिटाच्या खिडकीत बसायची. तिला आपण थोरली म्हणू, कारण तिची धाकटी बहीण पुढे गोष्टीत यायची आहे. थोरलीचे कान तीक्ष्ण होते. खिडकीतूनच ती ओरडायची, "अहो, मासा कालच्यापेक्षा हातभर वाढला वाटतं!"

"अगं, वाढत्या वयाचा आहे तो!" नावाडी तळ्यातून उत्तर द्यायचा, आणि अख्खी नाव हसायची.

ते दिवस सोन्याचे होते. पण दिवस सोन्याचे असले तरी दांडा लाकडाचाच असतो. एका वर्षी तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या आल्या, बदकाच्या आकाराच्या. लोकांना बदकं आवडली. त्यातलंच एक बदक अंगावर आलं, आम्ही ते चुकवायला गेलो, आणि मी धक्क्याच्या दगडावर आपटलो. माझं पातं कायमचं गेलं. नावाड्यानं बघ्यांना सांगितलं, "माशानं खाल्लं." पण हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

नाव काठावर पालथी पडली आणि नावाड्याला नवं काम मिळालं. बागेतलं पिण्याचं पाणी आणि बागेतलं सांडपाणी, दोन्हीची राखण. कुणीतरी मला जळणात टाकायला निघालं होतं. नावाड्यानं मला हिसकावून घेतलं. "हाताला बसलेला दांडा आहे. मला लागेल," तो म्हणाला.

आणि लागलो की!

मित्रांनो, बागेत तुम्ही संडासात जाता, पाणी ओतता आणि निघून येता. ते पुढे कुठे जातं, असा विचार तुम्ही कधी केला आहे का? तुम्ही कशाला कराल! ते संडासामागे जमिनीखालच्या टाकीत जातं. तिथे ते शांत बसतं आणि त्याचे तीन थर होतात. वर जाड साय येते, खाली गाळ बसतो आणि मध्ये पाणी राहतं. ते मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. गाळ फार साठला तर तोही पाण्याबरोबर पुढे सरकतो, जमिनीची तोंडं बुजवतो, आणि मग घाण वर येते. म्हणून गाळ मोजावा लागतो. तो मोजायचं काम माझं.

थोरलीनं जुने पांढरे टॉवेल फाडून पट्ट्या करून दिल्या होत्या. नावाडी हातमोजे चढवायचा, माझ्या खालच्या अंगाला पट्टी गुंडाळायचा, टाकीचं झाकण बाजूला करायचा आणि मला सरळ खाली सोडायचा, तळाला टेकेपर्यंत. थोडा वेळ थांबून अलगद वर काढायचा. पट्टीवर गाळाची काळी रेघ उमटलेली असायची. ती पाहून तो वैद्यासारखी मान हलवायचा आणि म्हणायचा, "अजून दम आहे," किंवा "गाडी बोलवा." मग मैला उपसणारी मोठी गाडी यायची.

तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडा. पण एक ऐका. त्या टाकीत माणसानं कधीही उतरायचं नसतं. आतली हवा माणसाचा जीव घेते. माणूस उतरू नये म्हणून मी उतरतो. नाव चालवत होतो तेव्हाही माझी एवढी मोठी कामगिरी नव्हती.

त्या अंधारात मी काय काय पाहिलं म्हणता! कंगवे, बाहुलीचा हात, बाटल्यांची बुचं. एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी वर आली आणि माझ्याकडे पाहून हसली. मीही हसलो असतो, पण मला दात नाहीत.

आता पिण्याच्या पाण्याकडे वळू. बागेच्या दुसऱ्या टोकाला विहीर होती. तिचं पाणी उंच टाकीत चढायचं, त्यात क्लोरीन पडायचं आणि ते झोपाळ्यांजवळच्या नळाला यायचं. नळ प्लास्टिकचा होता. पोरं त्याला लोंबकळायची आणि तो मोडायचा. नवा बसवला की तोही मोडायचा. शेवटी कंटाळून बागेच्या कचेरीनं एक जाडजूड पितळी नळ पाठवला.

त्या नळावर नावाड्याचा जीव जडला. तो चिंचेनं घासायचा, राखेनं घासायचा, मागे सरून बघायचा आणि पुन्हा घासायचा. थोरली म्हणायची, "लग्नात मला जेवढं बघितलं नाहीत, तेवढं त्या नळाला बघताय."

"तू चमकत नव्हतीस," नावाडी म्हणायचा, आणि त्या दिवशी त्याला घरी चहा मिळायचा नाही.

पाण्याची तपासणी करायला यायची ती थोरलीची धाकटी बहीण. तिच्या खांद्याला बर्फाची पेटी असायची आणि पेटीत जंतुमुक्त केलेल्या काचेच्या बाटल्या. मेहुणी म्हटल्यावर थट्टा आलीच. फाटकातून आत पाऊल टाकताच ती म्हणायची, "काय भावोजी, माशाची तब्येत कशी आहे?"

"तुझीच आठवण काढत होता. म्हणाला, मेहुणी आली की मला बाटलीत बसव."

थट्टा चालायची, पण कामात धाकटी काटेकोर होती. प्लास्टिकचा नळ होता तोवर ती तो क्लोरीनच्या पाण्यानं पुसून घ्यायची. प्लास्टिकला जाळ कसा देणार? पितळी नळ आल्यावर मात्र ती नियमाप्रमाणे करू लागली. आधी नळ सोडून भरपूर पाणी वाहू द्यायचं. मग नळ बंद करून स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून पेटवायचा आणि त्या जाळानं नळाचं तोंड भाजून काढायचं, म्हणजे तोंडाशी बसलेले जंतू मरतात. नळ निवेपर्यंत ती बाकावरच्या पेटीकडे वळायची, हात स्वच्छ करायची, बाटलीवर चिठ्ठी लावायची. मग परत येऊन नळ सोडायचा आणि बाटली भरायची.

मी नळामागच्या भिंतीला टेकून उभा असायचो. माझ्या डोक्यावर धुतलेल्या पट्ट्या वाळत असायच्या. हा सगळा सोहळा मी अगदी जवळून पाहिला आहे.

पितळी नळ आल्यानंतरच्या पहिल्याच तपासणीनंतर धाकटी परत आली, ती थट्टा न करता.

"भावोजी, नळ बंद करावा लागेल."

"का? चमक कमी पडली?"

"चेष्टा नाही. पाण्यात जंतू सापडलेत. माणसाच्या पोटातून बाहेर पडतात, तसले."

दोघांच्या माना एकदम संडासामागच्या टाकीकडे वळल्या, आणि तिथून माझ्याकडे. मित्रांनो, तशी नजर मी कधी झेलली नव्हती. टाकी फुटली असेल, तिचं पाणी विहिरीत झिरपत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पितळी नळाच्या तोंडावर गोणपाट बांधलं गेलं. घसरगुंडीवरून पोरं धावत यायची, गोणपाट बघायची आणि ओठांवरून जीभ फिरवत परत जायची. ते पाहिलं की नावाडी दुसरीकडे तोंड फिरवायचा.

मग शोध सुरू झाला. संडास बंद ठेवून टाकीतल्या पाण्याची पातळी माझ्यावर खूण करून पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाणी त्या खुणेलाच होतं, म्हणजे टाकी गळत नव्हती. तरी धाकटीचं समाधान होईना. तिनं संडासात हिरवा रंग ओतला आणि सगळे विहिरीत डोकावून बसले. रंग शोषखड्ड्याकडे दिसला, तिथेच तो दिसायला हवा होता. विहिरीचं पाणी होतं तसं नितळ राहिलं. तळ्यातले बेडूक मात्र त्या आठवड्यात नेहमीपेक्षा हिरवे झाले होते, यावर मी पैज लावायला तयार आहे.

विहिरीत क्लोरीन टाकलं, वरची टाकी घासली. धाकटीनं गोणपाट सोडून पुन्हा नमुना घेतला. तोही वाईट आला.

आता कचेरीतून निरोप आला. बागेचं फाटक बंद. सलग दोन नमुने चांगले आले तरच सुट्ट्यांत बाग उघडायची. आणि नावाड्याला राखण जमत नसेल तर दुसरा माणूस नेमायचा.

सुट्ट्या तर तोंडावर आल्या होत्या. नावाड्यानं माशाची गोष्ट सांगणं सोडलं. ऐकायला होतं कोण म्हणा! एकदा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "नाव गेली तेव्हा आपण दोघं उरलो होतो. आता हेही गेलं तर तुला घेऊन मी जाऊ कुठे?" मी काय बोलणार? दांड्याची जीभ लांब असते, पण माणसाच्या कानापर्यंत पोचत नाही.

पुढच्या नमुन्याच्या दिवशी नावाड्याची दाढ ठणकली. गाल फुग्यासारखा सुजला. तो घरी पडून राहिला आणि धाकटीनं एकटीनंच नमुना घेतला. तो चांगला आला, अगदी स्वच्छ!

निकाल सांगायला ती आली तेव्हा नावाडी अर्ध्या तोंडानं हसला. ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही नसलात की पाणी शहाण्यासारखं वागतं बघा. तुम्हाला बघून बिघडतं वाटतं."

थट्टाच होती ती. पण नावाड्याचं अर्धं हसूही मावळलं.

दुसऱ्या नमुन्याचा दिवस आला. याच्यावरच सगळं होतं. फाटक बंद असल्यामुळे थोरलीच्या खिडकीला काम नव्हतं. इतक्या वर्षांत तपासणीच्या वेळी ती कधी खिडकी सोडून आली नव्हती. आज नवऱ्याला काही चावता येत नव्हतं, म्हणून चहाची किटली घेऊन ती नळापाशी आली आणि समोरच्या कट्ट्यावर बसली.

धाकटीनं पाणी वाहू दिलं. नळ बंद केला. बोळा पेटवला. निळसर पिवळी ज्योत नळाचं तोंड चाटत राहिली. मग बोळा विझवून ती पेटीकडे वळली. पितळेवर जळक्या कापसाची काळी काजळी धरली होती.

नावाड्यानं माझ्या डोक्यावरची एक पट्टी सहज उचलली. फुंकर मारून नळ निवल्याची खात्री केली. पट्टीचं टोक पिळून वातीसारखं केलं आणि ते नळाच्या तोंडात घालायला तो वाकला.

"अहो, थांबा!"

थोरली किटलीसकट उठली होती. "ते फडकं कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तूच दिलंस. तुझ्या टॉवेलचं."

"दांड्याला गुंडाळायला दिलं होतं!"

"मग? साबणानं धुतलंय, कडक उन्हात वाळवलंय. बघ, बगळ्यासारखं पांढरं आहे."

धाकटी हातात बाटली घेऊन वळली. तिनं नळाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "भावोजी, हे तुम्ही दर वेळी पुसता?"

"पुसू नको तर काय करू? तू येतेस आणि माझ्या नळाचं तोंड काळं करतेस. भाजलेला बटाटासुद्धा आपण पुसूनच तोंडात घालतो. कचेरीत नमुना जायचा, तो काय काजळीतून जाऊ देऊ?"

झोपाळ्याची साखळी वाऱ्यानं किरकिरत होती. नावाडी हातातल्या पट्टीकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे, मग पुन्हा पट्टीकडे. पट्टी खरोखरच पांढरीशुभ्र होती. सगळा घोटाळा तिथेच होता. टाकीचा वास गेला, डाग गेला, पण टाकी गेली नव्हती. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी त्या पांढऱ्या धाग्यांत बसून राहिलं होतं, आणि नावाडी प्रत्येक तपासणीला ते आपल्या हातानं, प्रेमानं, भाजून शुद्ध केलेल्या नळाच्या तोंडात घालत होता.

तो मटकन कट्ट्यावर बसला. "म्हणजे विहीर चांगली होती."

"होती," धाकटी म्हणाली.

"टाकीही चांगली होती."

"तीही."

"आणि मी पोरांच्या तोंडचं पाणी…"

धाकटी त्याच्याशेजारी बसली. "भावोजी, एकट्यानं सगळं अंगावर घेऊ नका. जाळ दिल्यावर नळावरची नजर काढायची नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय. दुसरीकडे कुठेही मी पाठ फिरवत नाही. इथेच फिरवायची. म्हटलं, घरचं माणूस उभं आहे, काळजी कसली?"

थोरलीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "वा! एकीनं पाठ फिरवली, एकानं तोंड पुसलं, आणि दोघांनी मिळून बिचाऱ्या विहिरीला नापास केलं!" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती किटलीतला चहा सांडेपर्यंत. आधी धाकटीला हसू फुटलं. मग नावाड्यालाही, सुजल्या गालानं, "आई गं, दाढ!" म्हणत म्हणत.

धाकटीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पाणी सोडलं, बंद केलं, बोळा पेटवला. या वेळी तिनं बाटली आधीच काढून थोरलीजवळ दिली होती आणि नजर नळावर रोखली होती. पुन्हा काजळी धरली, आधीपेक्षा जास्तच. नावाड्याचे हात शिवशिवू लागले. मी ते पाहत होतो. एक बोट नळाच्या दिशेनं हललंसुद्धा.

मग तो उठला आणि भिंतीशी येऊन त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. वादळात नाव सांभाळताना धरायचा, तसंच घट्ट. नळ निवून बाटली भरेपर्यंत, तिला झाकण बसेपर्यंत, ती बर्फात जाईपर्यंत त्यानं मला सोडलं नाही. मित्रांनो, त्या मोठ्या माशाच्या पाठीवरूनसुद्धा मी इतक्या अवघड पाण्यातून कधी गेलो नव्हतो.

तो नमुना चांगला आला.

नावाड्यानं कचेरीत जाऊन घडलं ते सगळं स्वतः सांगितलं. साहेब रागावले नाहीत आणि हसलेही नाहीत. म्हणाले, "नळ तुम्हीच सांभाळा. फक्त काजळी राहू द्या." सुट्ट्यांच्या पहिल्या सकाळी गोणपाट सुटलं आणि पोरांची झुंबड उडाली. थोरली खिडकीत परत बसली. दुपारपर्यंत मासाही परत आला. आता तो म्हणे पहाटे तळ्यातून येऊन याच नळावर पाणी पितो, कारण तळ्याचं पाणी त्याला पचत नाही.

मी आता भिंतीशी उभा नसतो. टाकीची हत्यारं टाकीजवळ आणि नळाची नळाजवळ, अशी धाकटीनं ताकीद दिली आहे. संडासामागच्या खोलीत मला माझी खुंटी मिळाली आहे. लांबून नळ दिसतो. पट्टी गुंडाळून मी अजूनही खाली उतरतो, रेघ घेऊन वर येतो, आणि नावाडी अजूनही वैद्यासारखी मान हलवतो.

मित्रांनो, म्हाताऱ्याचं एवढं ऐका. संडासात कंगवे, बुचं, बाहुल्या टाकू नका. कवळ्या तर मुळीच नको. नळाला लोंबकळू नका. आणि एखाद्या बागेत तुम्हाला असा पितळी नळ दिसला, जो सगळीकडे आरशासारखा चमकतो पण ज्याचं तोंड तेवढं काळं आहे, तर नाक मुरडू नका. तिथे कुणीतरी तुमच्या पाण्याची नीट काळजी घेतली आहे. ओंजळ पुढे करा, पोटभर पाणी प्या, आणि तोंड पुसायचं झालं तर स्वतःचं पुसा.